आधी बोलायचं, मग गोळी

किस्से हे घरातल्या जुन्या चार्जरसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण ड्रॉवर उघडला की गुंता असतो, आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा ऑफिसात एकानं सहज विचारलं, "तुम्ही लोक त्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी करता तरी काय?" मी एकच किस्सा सांगायला बसलो. त्याचा चहा गार झाला, जेवणाची सुट्टी संपली, आणि त्याला शेवटी एवढंच कळलं की मी अँब्युलन्स चालवतो, पण खरी नाही.

तर आधी ते सांगतो. खडकीपूर नावाचं एक शहर आहे. ते फक्त आमच्या सर्व्हरवर आहे. त्यात रस्ते आहेत, बँक आहे, दवाखाना आहे, ढाबा आहे. आपण प्रत्येकानं त्यात एक माणूस व्हायचं आणि त्याच्यासारखंच वागायचं, बोलायचं. कोणी पोलीस, कोणी पंक्चरवाला, कोणी दरोडेखोर. मी अँब्युलन्सवाला. खडकीपुरात लूट चालते, खून चालतो. मात्र सगळं नियमात!

हे नियम केले सादिकभाईंनी. शेंद्र्याच्या एका कंपनीत ते क्वालिटीला आहेत, मी तिथंच डिस्पॅचला. कंपनीत हा माणूस एका मायक्रॉनसाठी अख्खा लॉट परत पाठवतो, तेव्हा खुनाच्या बाबतीत तो ढिला राहील ही अपेक्षाच चूक. दुसऱ्या सर्व्हरवर लोक दिसेल त्याला गोळ्या घालत सुटतात. सादिकभाईंचा पहिला नियम वेगळा होता. लुटायचं असो की मारायचं असो, आधी समोरच्याशी बोलायचं. कोण आहेस, काय पाहिजे, का पाहिजे, हे सांगायचं. त्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. मगच बंदूक. आणि न बोलता मारलं तर शिक्षा.

खेळ सुरू झाला तेव्हा आणखी एक नियम झाला होता. तो खडकीपूरचा नव्हता, सादिकभाईंच्या घरचा होता. रुबीनाभाभी शाळेत गणित शिकवतात. त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "खेलो तुम. पन जिस दिन इसके पीछे सच्ची का झगड़ा हुआ ना, उस दिन ये डब्बा बंद." सादिकभाईंनी कबूल केलं होतं. त्यामुळं आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर ही एक तलवार कायम टांगलेली असायची. खेळातलं भांडण खेळाबाहेर आलं की खडकीपूर खलास.

*

पहिली परीक्षा घेतली गजूनं. गजू देवगाव रंगारीचा. घरी शेती, इथं सिडकोत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आत तो भयंकर लुटारू होणार होता. नाव घेतलं होतं काळ्या. नवीन काळं जॅकेट चढवून काळ्या खडकीपूरच्या घाटात दबा धरून बसला, आणि त्यानं एक ट्रक अडवला.

नियमाप्रमाणं आधी बोलायचं होतं. आता देवगावचा माणूस अनोळखी माणसाशी बोलायला लागला की काय विचारणार? "कुठलं गाव?" ट्रकवाल्यानं खेळातलं आपलं गाव सांगितलं. "कोणाच्यातले तुम्ही?" ट्रकवाल्यानं तेही सांगितलं. गजूनं खेळातल्या आपल्या मावशीचं सासर काढलं, त्यानं आपल्या चुलत्याची सोयरीक काढली. दोघंही ऐनवेळी जोडत होते, पण दोघंही जोडतच गेले. मागं गाड्यांची रांग लागली. अखेरीस काळ्यानं बंदूक खाली केली आणि म्हणाला, "राव, तू तर आमच्या पाहुण्यातला निघाला. तुला कसं लुटू? चल, हुरडा खायला ये."

त्याचे साथीदार भडकले. एवढा वेळ झाडामागं उभे राहिले होते बिचारे. प्रकरण सादिकभाईंकडं गेलं. त्यांनी गजूला बोल लावला नाही. उलट म्हणाले की नियम त्यानं पाळला, माझ्याच नियमात भोक होतं. दुसऱ्या दिवशी यादीत एक ओळ वाढली, ती आजही आहे: "समोरचा पाहुणा निघाला तरी लूट रद्द होत नाही."

*

दुसरा नियम भीतीचा. कोणी बंदूक रोखली की घाबरायचं. आपल्याला ठाऊक असतं की समोर पडदा आहे, पण आपल्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्याला जीव प्यारा असायला हवा. ह्या नियमानं सर्वांत जास्त त्रास दिला बागूलकाकांना.

काका सादिकभाईंचे शेजारी. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. खडकीपुरात आले आणि तिथंही कंडक्टरच झाले. आम्ही म्हटलं, काका, इथं पायलट होता येतं, नेता होता येतं. काका म्हणाले, "मला जे येतं ते मी करीन." त्यांच्या बसमध्ये एकदा तेजल चढली. तेजल पाचोडची, इथं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. एरवी सुई टोचताना पेशंटला फुंकर घालणारी मुलगी, खडकीपुरात मात्र पट्टीची दरोडेखोर. तिनं रीतसर बोलणं केलं, कारण सांगितलं, मग काकांच्या कपाळाला बंदूक लावली. काका म्हणाले, "आधी तिकीट."

तिनं परत दरडावलं. काकांनी घंटी मारली, बस थांबवली, आणि तिला खाली उतरवलं! दरोडेखोर रस्त्यावर, बस पुढं. तेजलनं तक्रार केली आणि ती बरोबरच होती. सादिकभाईंनी काकांना घरी जाऊन समजावलं की काका, तुम्ही घाबरायला पाहिजे होतं. काकांना ते पटायला वेळ लागला. सगळी नोकरी गर्दीच्या फेऱ्यांवर काढलेल्या माणसाला एका बंदुकीचं काय वाटणार! पण नियम म्हटल्यावर नियम. काका म्हणाले, पुढच्या वेळी घाबरतो.

आणि पुढच्या वेळी काका जे घाबरले! आवाज चिरकला, श्वास लागला, "अरे नको रे, पोरंबाळं आहेत मला" असा टाहो फुटला. समोर गजू होता. तो इतका हबकला की बंदूक टाकून "काका, बरं वाटतंय ना" विचारायला लागला. तेवढ्यात काकांच्या माईकवर भांड्यांचा आवाज, पळत आलेल्या पावलांचा आवाज, आणि मग काकूंचा आवाज आला, "कोण हाय रे तो बंदूकवाला? ह्यांना बीपी हाय, ठावं नाय का? पत्ता सांग तुझा!"

आम्ही सगळे गार. हेच ते खरं भांडण, असं वाटलं. भिंतीला भिंत लागून घर, काकूंनी भाभींना एक हाक मारली की संपलं. सादिकभाई तसेच उठले, शेजारी गेले, काकूंपुढं बसले, आणि त्यांना पहिल्यापासून सगळं समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःच एक नियम घातला आणि सादिकभाईंनी तो यादीत लिहिला: "घाबरायच्या आधी घरच्यांना सांगावं." आता बसवर दरोडा पडला की काका आधी मागं वळून ओरडतात, "अगं, घाबरतोय गं!" आतून "बरं" येतं, मग काका रडायला लागतात.

*

तिसरा नियम मला सर्वांत जास्त आवडतो. खडकीपुरात मेलेला माणूस दवाखान्यात जागा होतो, मात्र त्याला आपला मारेकरी आठवत नाही. खेळणाऱ्याला आठवतं, त्याच्या माणसाला आठवत नाही. आणि बाहेर कळलेलं आत न्यायचं नाही.

एकदा घाटात गजूच्या काळ्यानं तेजलला मारलं. रीतसर बोलून, मग मारलं. तेजल दवाखान्यात जागी झाली. तिला आणलं मीच माझ्या अँब्युलन्समधून, पण मीही बोलू शकत नव्हतो. आता रविवारी आम्ही सगळे कॅनॉटच्या टपरीवर चहाला जमतो. तिथं गजू तिच्या शेजारी बसलेला, तिला खारी पुढं करतोय, आणि तिला पक्कं माहीत आहे की ह्यानंच मारलं. पण ती एक अक्षर बोलली नाही. कारण तिच्या माणसाला ते माहीत नाही!

मग तिनं काय करावं? खडकीपुरात खुन्याचा तपास करायला एक खाजगी गुप्तहेर नेमला. आणि कोणाला नेमलं, तर काळ्याला. म्हणाली, "लुटारूंच्यात तुझी उठबस आहे, तूच शोधून काढ." गजूला नाही म्हणता येईना. कारण काय सांगणार? तर पुढचे कित्येक दिवस गजू स्वतःच्याच मागावर हिंडत होता. साक्षीदारांना भेटत होता. साक्षीदार त्याच्याकडं बघून गप्प बसत होते. अखेर तो दुकान बंद करून सादिकभाईंकडं गेला आणि म्हणाला, "भाऊ, मला सांगून टाकू द्या. लई कसंसं व्हतंय." सादिकभाई म्हणाले, नाही. तुझ्या माणसाला कबूल करावंसं वाटत असेल तर तो करील. तुला वाटतंय म्हणून नाही.

गजूनं शेवटी अहवाल दिला की खुनी फार हुशार आहे, काही मागं ठेवलेलं नाही, सापडणं अवघड आहे. तेजलनं शांतपणे ऐकलं. म्हणाली, "एवढा हुशार असता तर आपली मोटारसायकल तिथंच इसरून गेला असता का? किल्ली घे तुझी."

बाहेर कळलेलं तिनं काहीच वापरलं नव्हतं. घाटात जाऊन पुरावा शोधला होता. सादिकभाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

*

चहाच्या टपरीचा एक बारकासा किस्सा आहे. टपरीवाले मामा आमची बडबड बरेच दिवस ऐकत होते. एका रविवारी त्यांनी सादिकभाईंना बाजूला घेतलं. अगदी हळू आवाजात म्हणाले, ती लॅबवाली पोरगी परवा बँक लुटली म्हणत होती, घरंदाज दिसती, हे खरं आहे का?

सादिकभाईंनी क्षणभर विचार केला. खोटं त्यांना बोलता येत नाही. म्हणाले, "लुटली. पण नियमात लुटली."

*

रमजानमधला एक दिवस. संध्याकाळची वेळ, आणि खडकीपूरच्या बँकेवर मोठा दरोडा पडलेला. आत तेजलची टोळी, त्यात काळ्याही, ओलीस धरलेले लोक, बाहेर पोलिसांचा गराडा. पोलिसांचे साहेब खुद्द सादिकभाई. बोलणी ताणली होती. कोणत्याही क्षणी गोळीबार होईल असं वाटत होतं.

तेवढ्यात एका माईकवर अजान ऐकू आली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा रोजा होता, त्यांत पोलीस होते तसे दरोडेखोरही होते. कोणी काही ठरवलं नाही. सादिकभाई "रोजा खोलता हूं" एवढं म्हणाले आणि उठले. बाकीचेही उठले. ज्यांचा रोजा नव्हता तेही उठले, कारण समोरचा नसताना गोळी कोणावर झाडणार? ओलीस होते तसेच हात वर करून उभे. सगळं शहर पुतळ्यांचं. माझी अँब्युलन्स दिवे लावून दारात.

गजू तेवढा स्क्रीनसमोर राहिला होता. काळ्याच्या हातात बंदूक, समोर उघडी तिजोरी, बाहेर हालचाल न करणारे पोलीस. सगळं घेऊन निघून गेला असता तर कुठल्याच नियमात बसणारी तक्रार करता आली नसती, कारण ह्या गोष्टीचा नियमच लिहिलेला नव्हता. सगळे परत आले तेव्हा तिजोरी होती तशी होती, काळ्या होता तिथंच उभा होता.

तेजलनं विचारलं, एवढा वेळ काय करत होतास? गजू म्हणाला, "काय करणार? मी बी एक केळं खाल्लं."

नंतर कोणीतरी म्हणालं की ह्याचा नियम लिहून टाकू. सादिकभाई नको म्हणाले. त्यांच्या यादीत न लिहिलेला तो एकच नियम आहे, आणि तो आजवर कोणी मोडलेला नाही.

*

आता शिक्षेबद्दल. एकदा बाहेरगावची एक टोळी आमच्या सर्व्हरवर घुसली. कॉलेजची पोरं असावीत. आली ती गोळ्या झाडतच आली. ढाब्यावर बसलेले, रस्त्यानं जाणारे, पेट्रोल भरणारे, सगळे आडवे केले. काकांची बसही उडवली. बोलणं नाही, कारण नाही, काही नाही. आमचे लोक संतापले. गजू तर त्यांचा खरा पत्ता शोधून काढतो म्हणायला लागला. सादिकभाईंनी त्याला गप्प केलं. भाभींची अट त्यांना दिसत होती.

त्यांनी पोरांना बॅन केलं नाही. त्यांच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. जायचं तर जा. राहायचं असेल तर ज्याला मारलं त्याच्यासमोर बसायचं, आणि मेला त्या दिवशी तो सकाळपासून काय काय करत होता हे त्याच्या तोंडून ऐकून घ्यायचं. पूर्ण. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही, माईक बंद करायचा नाही. बाकीची पोरं पळाली. म्होरक्याला वाटलं, एवढंच ना? तो थांबला. त्याच्या नशिबी बागूलकाका आले.

काकांनी सकाळच्या पहिल्या फेरीपासून सुरुवात केली. डेपोतून बस निघाली. पहिला थांबा, तिथं कोण चढलं. दुसरा थांबा, तिथं कोण उतरलं, कोणाकडं सुटे नव्हते, कोणाची कोंबडी टोपलीतून सुटली. एकही थांबा काकांनी गाळला नाही. पोरगा सुरुवातीला हसत होता. मग मधेच अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, मला बॅन करा ना."

काका म्हणाले, "बाळा, अजून परतीची फेरी बाकी आहे."

तो पोरगा आता खडकीपुरात राहतो. काकांच्या बसवर ड्रायव्हर आहे.

*

एवढं सगळं सांगितल्यावर हा एक सांगायलाच पाहिजे. ह्याच्यापुढं बाकीचे पाणी भरतात.

झालं असं की खडकीपुरात एक नवीन बाई आली. हलिमा पेरूवाली. टोपली घेऊन चौकात उभी राहायची. माईक बिघडलाय म्हणून सांगितलं होतं, त्यामुळं जे काही बोलायचं ते टाईप करून. आमच्याकडं नवीन माणसाची आधी नियमांची परीक्षा होते. ती तेजलनं घेतली आणि थक्क झाली. म्हणाली, सगळे नियम पाठ! आपल्याला जुन्यांना येत नाहीत इतके पाठ. कुठल्या नियमामागं कुठलं भांडण झालं होतं, तेसुद्धा बाईला माहीत होतं.

त्याच सुमारास सादिकभाईंची कंपनीत फार ओढाताण चालली होती. ऑडिट डोक्यावर होतं. घरी येऊनही फोन कानाला, फोन ठेवला की खडकीपूर. त्यातच एका संध्याकाळी त्यांनी ते केलं ज्याची आम्ही कल्पनाही केली नसती. त्यांना खेळात एका चोराच्या वेषात टोळीत शिरायचं होतं, उशीर होत होता, बाहेर कंपनीचा फोन वाजत होता. चौकात पेरूवाली आडवी आली. सादिकभाईंनी बंदूक काढली, गोळी घातली, टोपली उचलली, आणि गेले. एक शब्द न बोलता!

तासाभरात तक्रार आली. तक्रार खेळणाऱ्याची असते, त्यामुळं तिथं मारेकरी आठवलेला चालतो. "मी टोपली घेऊन उभी होते. हा माणूस आला आणि मला मारून गेला. कोण आहेस विचारलं नाही. मी काय म्हणते ते ऐकलं नाही. तुमच्या इथं पहिला नियम सगळ्यांना सारखा आहे का?"

सादिकभाईंनी ती स्वतः सगळ्यांना वाचून दाखवली. वर म्हणाले की आरोपी मीच आहे, तेव्हा न्याय मी करायचा नाही, तेजल करील. सुनावणीला अख्खं खडकीपूर हजर होतं. काका, गजू, मी, काकांचा ड्रायव्हर. सुनावणीत प्रत्येकाचा माईक चालू असावा लागतो. पेरूवालीनं कळवलं की माईक आता दुरुस्त झालाय, चालू ठेवते, पण बोलण्यापेक्षा टाईप करते.

तेजलनं आरोपीला विचारलं. सादिकभाई म्हणाले, "केलं मी. घाईत होतो."

पेरूवालीनं टाईप केलं: "घाईत तर हे रोजच असतात."

तेजल जरा घोटाळली. म्हणाली, रोज म्हणजे? तुम्हाला तर येऊन फार दिवस झालेले नाहीत. त्यावर पेरूवालीनं टाईप केलं, "शिक्षा सांगा." मग तेजलनं शिक्षा सांगितली. तीच, जी त्या पोराला झाली होती. मारणाऱ्यानं मेलेल्याचं ऐकून घ्यायचं. तेजल म्हणाली, हलिमाबाई, मेलात त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते सांगा, हे मधे बोलणार नाहीत.

बाई टाईप करायला लागल्या. आम्ही सगळे वाचत होतो.

"सकाळी उठले. डबा केला. हातात दिला. ते फोनवर होते."

"शाळेतून आले. आमच्या शाळेत त्या दिवशी एक चांगली गोष्ट झाली होती. सांगायची होती. ते फोनवर होते."

"संध्याकाळी चहा नेऊन ठेवला. ते तुमच्याशी बोलत होते."

आता पेरूवालीची शाळा कुठली, हे विचारायचं गजूच्या अगदी ओठावर आलं असणार. पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पेरूवालीच्या माईकवर झाली. आणि त्याच क्षणाला, तीच शिट्टी, सादिकभाईंच्या माईकवर झाली.

काकांच्या मागं काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी "अगं बाई" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मला पहिला विचार आला तो भाभींच्या अटीचा. सच्ची का झगड़ा. आता हे झालंच होतं. एवढ्या वर्षांचं खडकीपूर, रस्ते, बँक, बस, सगळं आजच्या आज बंद होणार, आणि ह्यात चूक कोणाची हे सगळ्यांना दिसत होतं.

सादिकभाईंचा आवाज आला तो साहेबाचा नव्हता. "रुबीना?" मग, "शर्त थी अपनी. बंद कर दूं?"

भाभी पहिल्यांदा बोलल्या. "बंद कायकू करते? मेरे को गेम बंद नई कराना. वहां सब को जो कायदा है ना, पहले बात करने का, चोरों को भी है, वो मेरे को भी होना. बस."

सादिकभाईंचा माईक बंद झाला. सुनावणीतून उठायचं नसतं, हा नियम त्यांचाच, तरी त्यांना कोणी अडवलं नाही. भाभींचा माईक चालूच होता. त्यातून आम्हाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चपला, मग दार. कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

आणि मग सादिकभाईंचा आवाज आला, भाभींच्या माईकपासून लांब, अगदी हळू.

"पहले कुकर उतारूं क्या?"